ताणावरचं शिरवं

यंदाच्या मे महिन्यात एका दुपारी दौलतकाकाच्या संत्र्याच्या बागेवर पाणी पडलं. फक्त त्याच्याच. आमच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या, त्यांच्यावर थेंब नाही. मधल्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळी अर्ध्या ओल्या, अर्ध्या कोरड्या. आभाळ काळं झालेलं दिसलं म्हणून मी पळत वर गेले होते, दोन सुपं भरून उचललीसुद्धा, आणि मग ती तशीच हातात धरून उभी राहिले. पलीकडे ढगाचा एक तुकडा त्या बागेवर रिकामा होत होता. धुळीनं पांढरी पडलेली पानं बघता बघता हिरवी झाली. झाडांच्या रांगेत काका उभा होता. डोक्याचा दुपट्टा खांद्यावर घसरलेला, दोन्ही हात वर केलेले, जसं काही ते पाणी तो हातांनीच अडवणार होता. मग त्यानं मान वळवली आणि गच्चीवर मला पाहिलं.

गावात त्या वेळी कोणी बाहेर नव्हतं. आमच्याकडे मे महिन्याच्या दुपारी माणसं कूलरसमोर आडवी झालेली असतात आणि रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पाणी आलं तसं गेलं, ऊन परत तापलं, संध्याकाळपर्यंत वरची माती वाळून गेली. दुसऱ्या दिवशी मोर्शी रोडवरच्या ट्रकांनी पानांवर पुन्हा धूळ चढवली. ओल राहिली ती झाडांच्या बुडाशी, सावलीत. साक्षीदार म्हणाल तर मी एकटी.

इथे एक सांगून टाकते. आमच्या वऱ्हाडात पावसाला पाऊस म्हणत नाहीत, पाणी म्हणतात. पाऊस म्हणणारा माणूस एक तर मास्तर असतो नाही तर टीव्हीवर बातम्या देणारा. मी अकोल्याला शाळेत मराठी शिकवते, तेव्हा वर्गात माझा पाऊस असतो. गावी आले, चप्पल दारात काढली, की त्याचं पाणी होतं.

आणि दुसरं, ते संत्र्याचं. मृगाचा बहार हवा असला तर ऐन उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडावं लागतं. त्याला ताण देणं म्हणतात. झाडं तहानेनं कासावीस होतात, पानं आत वळतात, काही गळतात, मालकाचा जीव टांगणीला लागतो, पण विहिरीत पाणी असूनही ते द्यायचं नाही. मिरगाचं पाणी आलं की मग झाड सगळी साठवलेली ताकद फुलांत काढतं. मधेच पाणी मिळालं तर ताण मोडला. झाड फुलायचं सोडून पालवी काढत बसतं, चार फुलं निघाली तर ती उन्हात करपतात, आणि ते साल गेलं. म्हणून मे महिन्यातलं पाणी, ते ढगातून येवो की पंपातून, आमच्याकडे बागवाल्याच्या मुळावर येतं.

दौलतकाका म्हणजे माझ्या वडिलांचा चुलतभाऊ. दोघांच्या बागा लागून, मधे धुरा, आणि विहीर सामायिक. पाणी पडलं त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी तो आमच्या ओसरीवर आला. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा. आईनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आत निघून गेली. चहा विचारला नाही. आमच्या घरी आलेल्याला चहा न विचारणं म्हणजे काय, ते त्याला बरोबर कळलं. तो तांब्याला हात न लावता बोलत राहिला.

त्याचं म्हणणं असं. त्याचा मुलगा रवी अमरावतीला असतो, औषधांचं दुकान आहे त्याचं. बागेत ओल दिसते असं कोणीतरी फोनवर सांगितलं म्हणून तो गाडी काढून आला. झाडाखाली बोट घालून पाहिलं, ओल. मोबाईलमध्ये पाहिलं, गावाच्या नावावर कोरडं ऊन. चार घरी विचारलं, कोणी थेंब पाहिला नव्हता. आणि हिवाळ्यात एकदा काका मोटर चालू ठेवून घरी येऊन झोपला होता, ते रवीच्या डोक्यात होतंच. त्यानं हिशोब लावला की म्हाताऱ्याला आता आठवत नाही, यानंच ठिबकचा कॉक उघडला आणि आता पाण्याच्या गोष्टी सांगतो. चिडला नाही तो, रवी चिडणाऱ्यातला नाही. शांतपणे म्हणाला, की बाबा आता बस झालं. पंपाच्या खोलीची चावी मला द्या, बाग मी कोणाला तरी बटईनं, अर्ध्या वाट्यानं, लावतो, तुम्ही अमरावतीला चला. रविवारी चावी घ्यायला येतो म्हणून सांगून गेला.

काकू गेल्यापासून काकाचं सगळं त्या बागेत आहे. सकाळचा चहा तो बागेत पितो. अमरावतीला रवीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, तिथे जाऊन मी काय जिना पाहत बसू काय, असं तो म्हणाला. मग खाली पाहत म्हणाला, "मंदे, तू पाह्यलं न? एवढंच सांगजो त्याले. तुहं तो ऐकते."

मी म्हटलं, पाहू. एवढंच. त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की त्याला हा शब्द पुरला नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

रविवारपर्यंतचे दिवस मी कुरडया काढत, आईचे पाय चेपत आणि डोक्यात पावसाचे शब्द घोळवत घालवले. शिकवायला मला तसे ते लागत नाहीत. शाळेत मी पोरांकडून पर्जन्य, वर्षा, वृष्टी असे समानार्थी शब्द पाठ करून घेते आणि पोरं ते परीक्षेत बिनचूक लिहितात. त्यांतला एकही शब्द कधी कोणाच्या अंगावर पडलेला नाही. गावचे शब्द वेगळे. ते कोणाच्या तोंडचे आहेत ते आधी विचारावं लागतं, मग अर्थ कळतो.

झड घ्या. अकोल्याला आमच्या सोसायटीत झड लागली की बायका एकमेकींना फोन करून भज्यांना कोणतं पीठ घेतलं ते विचारतात, पोरांना सुट्टी मिळते, आणि माझे यजमान खिडकीशी खुर्ची ओढून बसतात. तीच झड गावी लागली की आई सकाळी उठून आधी चुलीजवळची लाकडं चाचपायची. बाबा डोक्यावर पोतं घेऊन बागेत जायचे आणि एकेका झाडाचं खोड बोटानं तपासायचे, कारण झडीत संत्र्याला डिंक्या लागतो, खोडातून डिंक ओघळतो आणि झाड उभ्या उभ्या मरतं. गडी माणसांच्या घरात झड म्हणजे काम बंद. शाळेत मुलं निबंध लिहितात, "झडीचे दिवस मला फार आवडतात." मी त्याला दहापैकी सात देते. द्यावेच लागतात.

उघाड हा शब्द मी बायकांच्या तोंडून जास्त ऐकला. चार दिवसांनी ऊन पडलं की गल्लीभर आवाज उठायचा, उघाड पडली व, आणि दोरीवर, कुंपणावर, बैलगाडीच्या जुवावर जिकडेतिकडे ओले कपडे. तुरीवरच्या धुवारीचा, म्हणजे धुक्याचा, बाबांना राग. शहरातला माणूस धुवारीत फोटो काढतो, बाबा धुवारी पडली की तुरीचा फुलोरा हातात चोळून पाहायचे आणि न बोलता न्याहारीला बसायचे. आणि हरभऱ्यावरचं दव आईचं. थंडीत पहाटे ती हरभऱ्याच्या वावरात पांढरं धोतर पसरायची, ओलं झालं की पिळायची. ती आंब. बाटलीत भरून ठेवायची आणि वर्षभर कोणाचं पोट दुखलं की चमचाभर. इतकी आंबट, की दुखणं विसरून माणूस तोंड वाकडं करत बसायचा.

गारांचं एक राहिलं. मी लहान होते, फागुणाच्या सुमाराला गारा पडल्या, बोराएवढ्या. आम्ही पोरं अंगणात नाचलो. मी फ्रॉकच्या ओच्यात गारा भरून धावत बाबांकडे गेले. ते बागेच्या तोंडाशी उभे होते. झाडांखाली पानांचा आणि कोवळ्या फळांचा सडा पडला होता. मला काय कळतं. मी ओचा उघडून दाखवला. त्यांनी खाली पाहिलं, एक गार उचलली, तोंडात टाकली, चावली, आणि म्हणाले, "गोड नाही निघाली व." आणि हसले. हा माणूस असा होता. वरून जे आलं त्याच्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. ढगाशी काय भांडायचं, असं त्यांचं.

पण मी जे टाळते आहे ते असं की यांतले अर्धेअधिक शब्द मला दौलतकाकानं दिले. बाबा कमी बोलायचे. काका बोलायचा. आम्हा पोरांना बैलगाडीत घालून तो वावरात न्यायचा आणि आभाळाकडे चाबूक दाखवत शिकवायचा. रिपरिप म्हणजे ज्याच्यात बैल काम करते. झड म्हणजे ज्याच्यात बैलही उठत नाही. सडाका म्हणजे ज्यानं माणूस पयते. असं एकेक. मी आजही वर्गात झड समजावताना नकळत त्याचा बैल आणते आणि मग स्वतःवरच चिडते.

शिरवंही त्यानंच शिकवलं. एकदा आमच्या बैलगाडीपुढच्या वावरात पाणी पडत होतं आणि आम्ही कोरडे होतो. बैल थांबवून तो म्हणाला, हे शिरवं. देवाची लहर. याच्या वावरात पडते, त्याच्या वावरात पडत नाही. त्याचा राग नाही धरा लागत. आम्ही पोरं गाडीतून हात बाहेर काढून पाणी लागतं का ते पाहत होतो आणि तो बैलांना पुढे काढत नव्हता, आम्हाला मजा यावी म्हणून. तेव्हा तो मला बाबांपेक्षाही आवडायचा.

आता ते साल. मी बारावीची परीक्षा देऊन रिकामी झाले होते, निकाल लागायचा होता. बाबांनी बाग ताणावर सोडली होती. ताण ओळखण्यात बाबांचं नाव होतं, नुसतं आमच्या गावात नाही, आजूबाजूलाही. माणसं बोलवायला यायची. मनोहरभाऊ, पाहा न, अजून किती दिवस धरू? बाबा जायचे, एक पान तोडायचे, बोटांत वळवून पाहायचे आणि सांगायचे. तेवढ्यासाठी ते घरचं जेवण ठेवून जात. काकाचं उलटं. त्याच्या आदल्या वर्षी त्याला धीर निघाला नव्हता, पानं वळलेली पाहून त्यानं घाबरून पाणी सोडलं आणि बहार हातचा घालवला. पारावर त्याची पोटभर थट्टा झाली. थट्टा करणारे बाबांचं नाव घेऊन करत, मनोहरकडून सबुरी उसनी आण म्हणत. बाबा त्यात कधी हसले नाहीत, पण ते काकाला काय दिसणार.

मे महिन्यात धामणगाव रेल्वेला माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं. आम्ही सगळे गेलो. काकाही येणार होता, ऐन वेळी ताप आला म्हणाला. पंपाच्या खोलीच्या चाव्या दोन, एक आमच्याकडे, एक त्याच्याकडे. आम्ही परत आलो ते दुसऱ्या दिवशी दुपारी. बाबांनी पाय धुतले नाहीत, लग्नाच्या कपड्यांतच बागेत गेले. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली.

झाडांची आळी भरून वाहून गेली होती. पाय रुतेल असा चिखल. बाबांनी एक फांदी खाली ओढली आणि पानावर अंगठा फिरवला. अंगठ्याची रेघ उमटली. पानावर धूळ होती. त्यांनी दुसरी फांदी ओढली, तिसरी. सगळीकडे धूळ. बुडाशी चिखल आणि वर धूळ. मला एकदम समजलं, हे पाणी वरून आलेलं नाही, पंपातून आलं. बाबा म्हणाले, "पाहून ठेव."

त्या संध्याकाळी पारावर काकानं लोकांना सांगितलं की मनोहरचा काही दोष नाही बाप्पा, शिरवं येऊन गेलं असन त्याच्या वावरात. ताप आला होता म्हणून मी घरात होतो, मला आवाज आल्यासारखा झाला. असं तो कळवळून बोलला. ऐकणारे एकमेकांकडे पाहून हसले. शिरवं काय, तेही मे महिन्यात, आणि नेमकं मनोहरच्या चार ओळींवर? म्हणजे मनोहरनंच लग्नाला जाण्याआधी पाणी सोडलं, त्याचाही धीर सुटला, आणि हा बिचारा भाऊ आहे म्हणून झाकतो. हेच काकाला हवं होतं. त्यानं बाबांवर आळ घेतला नाही, त्यांची बाजू घेतली. इतक्या सफाईनं कोणाचं नाव घालवताना मी पुढे कुठे पाहिलं नाही.

बाबांनी सुरुवातीला सांगून पाहिलं. या, पानं पाहा, धूळ पाहा. येतो म्हणाले, आले कोणी नाही. ज्यांच्या बागेत बाबा जेवण ठेवून जायचे, त्यांतला एकहीजण धुऱ्यापर्यंत आला नाही. आईनं भांडायचं म्हटलं तर बाबा म्हणाले विहीर सामायिक आहे, कोर्टकचेरी झाली तर दोन्ही बागा वाळतील. मग रस्त्यात भेटेल तो विचारायचा, काहून सोडलं बावा पाणी? बाबा म्हणायचे, मी नाही सोडलं. ते म्हणायचे, हो हो. काही महिन्यांनी बाबांनी उत्तर देणं सोडलं. त्या वर्षी झाडांवर नुसती पालवी आली, तुकतुकीत, हिरवीगार. पाहायला इतकी सुंदर बाग आमची कधी नव्हती. बाबा तिच्याकडे पाठ करून बसायचे.

त्यानंतर कोणी त्यांना पान पाहायला बोलावलं नाही. ते स्वतःहून कोणाच्या धुऱ्याशी थांबले तर माणसं दुसरं बोलू लागायची. पुढच्या वर्षी त्यांनी बाग बटईनं दिली आणि ओसरीवर बसू लागले. माझं लग्न झालं, मी अकोल्याला गेले. मे महिन्यात माहेरी यायचे तेव्हा ते ओसरीवर असायचे, बटईवाल्यानं ताण दिला की नाही, कधी सोडला, काही विचारायचे नाहीत. असे बसले बसलेच गेले. घाटावर काकानं खांदा दिला, आणि सरण पेटल्यावर चार शब्द बोलला. मनोहरसारखा सबुरीचा माणूस होणे नाही, असं म्हणाला. आम्ही बायका घरी होतो. मला हे तेराव्याला कळलं, आणि मी हातातलं जेवणाचं ताट खाली ठेवलं ते दिवसभर उचललं नाही.

मला सूड हवा होता. हा शब्द मी पोरांना व्याकरणात सांगते तसा नाही, जेवताना मीठ लागतं तसा हवा होता. किती तरी मे महिने मी आमच्या गच्चीवर उभी राहून त्याच्या ताणावरच्या बागेकडे पाहिलं आहे. पंपाच्या खोलीची दुसरी चावी आमच्या देवघरातल्या खिळ्याला असते. दुपारी सगळे झोपलेले असतात. जायचं, कॉक फिरवायचा, यायचं. आणि संध्याकाळी पारावर आपणच म्हणायचं, शिरवं आलं असन काका. मी हे मनात इतक्या वेळा केलंय, की कॉकचा गरम लोखंडी स्पर्श मला हाताला जाणवतो. केलं मात्र नाही. चांगुलपणा म्हणून नाही. त्याची बाग घेऊन मला काय करायचं होतं? मला त्याच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, चार माणसांत. मी सोडलं होतं पाणी. एवढंच. बाबा ऐकायला असते तर बरं झालं असतं, पण नसले तरी चालेल.

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात जाडा शब्दकोश आहे. एकदा रिकाम्या तासाला मी त्यात पाहत बसले होते. पावसाला शब्दच शब्द. वळवाचा वेगळा, मृगाचा वेगळा, उन्हात पडतो तो वेगळा, वाऱ्यानं तिरपा येतो तो वेगळा. सरकारदरबारी अतिवृष्टी आहे, वर्तमानपत्रात अवकाळी आहे. पण दुसऱ्याच्या ताणावर माणूस जे पाणी सोडतो त्याला शब्द नाही. शोधून दमले. बहुतेक असं, की ज्यांच्याशी हे होतं ते बोलत नाहीत आणि जे करतात त्यांना ढगांचे शब्द पुरतात.

आणि आता देवानं काय करावं, तर खरं शिरवं पाठवावं. या माणसाच्या ताणावर, भर दुपारी, मी एकटी पाहत असताना. मी देवाधर्माची फार नाही. पण त्या दिवशी गच्चीवर सुपं हातात धरून मला वाटलं, की वर कोणाला तरी आमचं सगळं माहीत आहे.

शनिवारी मी काकाला धुऱ्यावर गाठलं. फिरवून बोलले नाही. म्हटलं, उद्या रवीसमोर तुम्ही सांगा की त्या वर्षी बाबांच्या बागेत पाणी तुम्ही सोडलं. तुम्ही ते सांगितलं की मी हे सांगते. मी पाहिलंय, डोळ्यांनी पाहिलंय, रवी माझं ऐकेल, चावी तुमच्या खिशात राहील. काका बाभळीच्या सालीला नख लावत राहिला. नाही म्हणाला नाही. मी ते हो समजले.

रविवारी सकाळी दोघं आले. रवी बाकावर बसला, काका खांबाला टेकून उभा. आई आतल्या दाराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. रवी दमलेला दिसत होता. मला म्हणाला, "ताई, तुम्ही गच्चीवर होत्या म्हणे. पाणी आलं होतं का? तुम्ही हो म्हटलं तर मी चावीचं नावही काढणार नाही." मनापासून म्हणाला. त्यालाही वडिलांना उचलून न्यायचं नव्हतं, ते दिसतच होतं.

मी म्हटलं, पहिले काका बोलतील. आणि मी काकाला विचारलं, "बाबाच्या बागेत त्या साली पाणी कुठून आलं होतं?"

रवी माझ्याकडे पाहू लागला. त्याला काही माहीत नव्हतं; तो तेव्हा शाळकरी असेल. काकानं मुलाकडे पाहिलं, मग आईकडे, मग बाहेर बागेकडे. त्याचे ओठ हलले. मला वाटलं आता येतं. आणि एक सांगते, त्या क्षणी मी सगळं सोडायला तयार होते. तो ते वाक्य बोलला असता तर मी उठून आत गेले असते आणि स्वतःच्या हातानं त्याला चहा करून आणला असता. माझ्या डोळ्यांत पाणीही आलं होतं. त्याचं वय झालं आहे, त्याची मान हलते, हे सगळं मला दिसत होतं.

काका म्हणाला, "शिरवं आलं होतं."

रवीनं विचारलं, कोणतं शिरवं, कधीचं?

मी म्हटलं, "मंग यंदा नाही आलं."

"म्हणजे?" रवी म्हणाला.

"त्या दुपारी पाणी नाही आलं, रवी. मी गच्चीवरच होती. कुरडया वाळत होत्या."

मला वाटलं काका ओरडेल, मला खोटारडी म्हणेल. त्यानं सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला. चावी सुतळीला बांधलेली होती, सुतळी गुंडीला. गाठ त्याला सुटेना. रवी उठला आणि त्यानं वडिलांच्या छातीशी वाकून ती गाठ सोडवली, हळू, दुखणाईताच्या अंगावरचं काही काढावं तशी. चावी स्वतःच्या खिशात टाकली. माझे आभार मानले. म्हणाला, ताई, तुम्ही होत्या म्हणून बरं झालं, नाही तर मला खरं-खोटं कळलं नसतं. दोघं पायऱ्या उतरून गेले. काका बागेकडे वळला, रवीनं त्याचा दंड धरून गाडीकडे वळवलं.

मी ओसरीवर बसून राहिले. आई आत गेली होती, स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ती दोन कप आणि साखरेचा डबा घेऊन आली आणि माझ्याशेजारी टेकली.

"खोटं बोलली तू," ती म्हणाली.

"हो."

तिनं साखरेचा डबा उघडला आणि माझ्या कपात आणखी एक चमचा साखर टाकली.